पक्षी किती, बार किती?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मोजणी हा शब्द आपल्याकडे जमिनीला चिकटलेला आहे. मोजणीवाला आला म्हणजे साखळी आली, हद्दीचे दगड आले आणि बहुतेक वेळा भावाभावांतलं भांडणही आलं. मी इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यामुळे मोजणीचे कागद पाहण्याची मला सवय आहे. शेतसाऱ्याची मोजणी, जनगणना, दुष्काळात किती गुरं मेली त्याची मोजणी. ही सगळी मोजणी सरकार करतं आणि सामान्य माणूस तीत मोजला जातो. आज मी जी हकिगत सांगणार आहे, ती याच्या उलट आहे. इथे मोजणारी माणसं साधी होती, त्यांना पगार नव्हता आणि हातात कसलाही अधिकार नव्हता. त्यांनी आभाळातले पक्षी मोजले आणि पक्ष्यांबरोबर आणखी एक गोष्ट मोजली. ती कोणती, ते पुढे सांगतो.

इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो, हे आपण शाळेत शिकलो. त्या बुटाच्या टोकाशी सिसिली नावाचं मोठं बेट आहे. बूट आणि बेट यांच्या मध्ये समुद्राची एक चिंचोळी पट्टी आहे, ती मेसिनाची सामुद्रधुनी. सर्वांत अरुंद जागी तिची रुंदी जेमतेम तीन किलोमीटर. ग्रीक कवी होमर याच्या महाकाव्यात खलाशांना गिळणाऱ्या दोन राक्षसिणी येतात, त्यांचं ठिकाण परंपरेने इथलंच मानतात. अलीकडच्या तीरावर मेसिना शहर आहे, जे १९०८च्या डिसेंबरातल्या भूकंपात जवळजवळ सपाट झालं होतं. शहराच्या पाठीशी पेलोरितानी नावाचे डोंगर आहेत. पलीकडच्या तीरावर कालाब्रिया हा प्रांत आणि त्याचेही डोंगर. आपल्या हकिगतीतली माणसं या दोन्ही बाजूंच्या डोंगरमाथ्यांवर उभी राहायची. काम एप्रिल आणि मे महिन्यांतलं.

हीच जागा का, याचं उत्तर आपल्या घराच्या गच्चीवरूनही मिळतं. दुपारच्या वेळी घार पाहा. पंख न हलवता ती गोल गोल घिरट्या घेत वर वर जाते. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर उठते, तिच्यावर घार स्वार झालेली असते. मोठ्या पंखांचे शिकारी पक्षी हजारो किलोमीटरचा प्रवास याच युक्तीने करतात. एका ठिकाणी घिरट्या घेत उंची गाठायची आणि मग पंख ताठ धरून पुढच्या उठत्या हवेपर्यंत घसरत जायचं. कष्ट वाचतात. पण समुद्रावर अशी हवा फारशी उठत नाही. तिथे पंख मारावे लागतात, दम लागतो आणि दम संपला तर खाली पाणी. म्हणून आफ्रिकेतून युरोपकडे परतणारे हे पक्षी समुद्र जिथे कमीत कमी ओलांडावा लागेल अशा वाटा धरतात. जिब्राल्टर ही एक वाट, तुर्कस्तानातलं बॉस्फरस ही दुसरी, आणि मधली वाट म्हणजे ट्युनिशियाच्या टोकावरून सिसिली आणि मग मेसिना. या मधल्या वाटेवर आधी दीडशे किलोमीटरच्या आसपास उघडा समुद्र पार करावा लागतो. सहारा ओलांडून आलेला पक्षी हा समुद्रही ओलांडतो, सिसिलीच्या डोंगरांवर पोचतो, तेव्हा तो किती थकलेला असेल याची कल्पना करा. समोरून वारा असला तर तो डोंगरमाथ्यावरून इतका खाली उडतो की त्याचा डोळा दिसतो.

यात सर्वांत जास्त संख्या असते ती मधुबाजाची. आपल्याकडेही मधुबाज आहे, काही जण त्याला मोहोळ घार म्हणतात. आपला मधुबाज आणि युरोपातला मधुबाज सख्खे नव्हेत, पण चुलत भाऊ म्हणायला हरकत नाही. आपला मधाची पोळी फोडतो. युरोपातला जमिनीत पायांनी उकरून गांधीलमाश्यांची घरटी बाहेर काढतो आणि त्यांतल्या अळ्या खातो. डंख लागू नयेत म्हणून त्याच्या चेहऱ्यावर खवल्यांसारखी दाट पिसं असतात. पंखांचा पसारा सव्वा मीटरच्या पुढे, वजन मात्र किलोच्या आतबाहेर. कोंबडी पळवणं, कोकरू उचलणं असल्या आरोपांशी या पक्ष्याचा काही संबंध नाही. हिवाळा तो आफ्रिकेतल्या जंगलात काढतो आणि एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत झुंडीने मेसिना ओलांडतो.

आणि तिथे बंदुका त्याची वाट पाहत असत.

कालाब्रियात आणि सिसिलीच्या त्या कोपऱ्यात या पक्ष्याला ‘अदोर्नो’ म्हणतात. दर वसंतात त्याची शिकार करण्याची तिथे पिढ्यान् पिढ्यांची रीत होती. खाण्यासाठी मारायचा, हे त्यातलं मुख्य कारण नव्हे. समजूत अशी होती की ज्या पुरुषाने त्या हंगामात एकही अदोर्नो पाडला नाही, त्याची बायको त्याला फसवणार. इटलीत अशा नवऱ्याला ‘शिंगं फुटलेला’ म्हणतात, आणि दक्षिण इटलीत पुरुषाला याहून मोठी शिवी नाही. म्हणजे पक्षी मारायचा तो गावात मान ताठ ठेवण्यासाठी. मारलेल्या पक्ष्यात पेंढा भरून तो बैठकीच्या खोलीत ठेवायचा. शिकारीसाठी डोंगरउतारांवर सिमेंटच्या कायमच्या चौक्या बांधलेल्या होत्या. काही जण घराच्या गच्चीतून, सज्जातूनच बार काढत. शिकारीला रानात जावं लागतं ही आपली कल्पना, इथे रानच डोक्यावरून चाललं होतं.

यात इतिहासाची एक थट्टा आहे. याच सिसिलीत तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक वाढला. त्याने शिकारी पक्षी पाळून त्यांच्याकरवी शिकार करण्याच्या कलेवर लॅटिनमध्ये भलामोठा ग्रंथ लिहिला. त्यात पक्ष्यांच्या स्थलांतराविषयीची निरीक्षणं आहेत, आणि ॲरिस्टॉटलने लिहिलेलं डोळ्यांना दिसलं नाही तर ते खोडून काढायलाही तो कचरला नाही. मध्ययुगातल्या युरोपात पक्ष्यांकडे इतक्या बारकाईने पाहणारा माणूस विरळा. पुढे बंदूक स्वस्त झाली, ससाण्यांचा शाही रुबाब गेला, आणि एकोणिसाव्या शतकापासून जवळजवळ सगळ्या पाश्चात्त्य जगात शिकारी पक्षी म्हणजे उपद्रवी प्राणी असं ठरून गेलं. त्यांना मारणाऱ्याला सरकारं बक्षिसं देत.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात १९२९पासून एक जातीचा बाज मारून आणला तर पाच डॉलर मिळत. मंदीच्या काळातले पाच डॉलर! तिथल्या एका डोंगराच्या धारेवर शरद ऋतूत हजारो शिकारी पक्षी दक्षिणेकडे जायचे, आणि सुटीच्या दिवशी लोक तिथे सहलीला जावं तसे बंदुका घेऊन जमायचे. रोझली एज नावाच्या न्यूयॉर्कच्या बाईंनी त्या मेलेल्या पक्ष्यांची छायाचित्रं पाहिली. या बाई स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या होत्या, भांडायची सवय होती. त्यांनी १९३४ साली सरळ तो डोंगरच, चौदाशे एकरांच्या आसपास जमीन, भाडेपट्ट्याने घेतला. राखणीला मॉरिस ब्राउन हा तरुण आणि त्याची बायको अर्मा यांना पाठवलं. अर्मा वाटेवर उभी राहून बंदुकवाल्यांना परत पाठवी आणि मॉरिस कड्यावर बसून पक्षी मोजी. त्या डोंगराला आज हॉक माउंटन म्हणतात. ज्या जागी बंदूक धरायची त्याच जागी बसून वही धरायची, ही कल्पना माझ्या मते तिथे जन्माला आली.

त्या वह्यांचा उपयोग काय, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर ब्राउनलाही नीट सांगता आलं नसतं. उत्तर यायला पंचवीसेक वर्षं लागली. १९६२ साली रेचेल कार्सन यांचं ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक आलं. डीडीटीसारख्या कीटकनाशकांवरचा तो अभियोगच होता. त्यात हॉक माउंटनचे आकडे येतात. अमेरिकेच्या राष्ट्रचिन्हावर जो पांढऱ्या डोक्याचा गरुड आहे, त्याची पिल्लं रंगावरून ओळखता येतात. १९३५ ते १९३९ या काळात मोजलेल्या गरुडांत शंभरातले चाळीस पिल्लं होते. १९५५ ते १९५९मध्ये ते वीसावर आले. १९५७ साली तर बत्तीस मोठ्या गरुडांमागे एकच पिल्लू दिसलं. म्हणजे गरुड दिसत होते, पण ते म्हातारे होत होते आणि त्यांच्या मागे कुणी नव्हतं. प्रयोगशाळेत नव्हे, एका माणसाच्या वहीत ही गोष्ट नोंदली गेली होती. त्याने लिहायला सुरुवात केली तेव्हा त्याला डीडीटीचं नावही ठाऊक नव्हतं.

हॉक माउंटनची ती मोजणी शरदातली, मेसिनाची वसंतातली. हा फरक नुसता ऋतूचा नाही. शरदात परतणाऱ्या थव्यांत त्या वर्षीची पिल्लं भरपूर असतात, आणि त्यांतली बरीच पहिल्या वर्षात एरवीही मरतात. वसंतात येतात ते जाणते पक्षी. मधुबाजाचं तर असं की त्याची पिल्लं पहिली एक-दोन वर्षं आफ्रिकेतच राहतात, युरोपला येतच नाहीत. त्यामुळे मे महिन्यात मेसिनावरून जाणारा जवळजवळ प्रत्येक मधुबाज घरटं करायला निघालेला असतो. मादी बहुधा दोनच अंडी घालते. एवढा प्रवास करून, एवढी संकटं टाळून, घर चारदोन दिवसांच्या अंतरावर आलेलं असताना तो पडतो, तेव्हा त्याच्याबरोबर त्या वर्षीचं घरटंही जातं. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. बियाण्याचं धान्य खाऊ नये, हे आपल्या आज्या सांगत.

आता कायद्याचं पाहू. इटलीत १९७७च्या कायद्याने सगळ्या शिकारी पक्ष्यांना संरक्षण दिलं. १९७९ साली युरोपीय समुदायाने पक्ष्यांसाठी समान निर्देश काढले. कागदोपत्री सगळं ठीक झालं. पण कालाब्रियाच्या सिमेंटच्या चौक्यांपर्यंत तो कागद पोचला नाही. तक्रार केली तर उत्तर ठरलेलं: शिकार? इथे? असेल कुणी एखाददुसरा. किती पक्षी मरतात? कुणाला ठाऊक! जिथे आकडाच नाही तिथे गुन्हाही नाही. आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी कचेरीत गेलेल्या माणसाला या उत्तराची चाल ओळखीची वाटेल.

१९८१ साली मेसिनाच्या डोंगरावर आन्ना जोर्दानो नावाची पंधरा वर्षांची एक मुलगी पक्षी पाहायला गेली होती. ती त्याच शहरातली. तिच्या डोळ्यांदेखत पक्षी पडत गेले. पंधरा वर्षांच्या मुलीला हे पाहून रडू येणं स्वाभाविक आहे, राग येणंही स्वाभाविक आहे. पण तिने केलं ते वेगळं. तीन वर्षांनी, १९८४च्या वसंतात, तिने काही मित्रमैत्रिणी जमवून डोंगरावर कॅम्प लावला आणि रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत नोंद ठेवायला सुरुवात केली. या नोंदीत पक्ष्यांचा रकाना होता, आणि पक्ष्यांच्या बरोबरीने बंदुकीच्या बारांचाही हिशेब होता. किती पक्षी गेले आणि किती बार ऐकू आले.

पहिल्या हंगामाचा हिशेब असा होता: पक्षी तीन हजारांहून थोडे अधिक, बार अकराशेहून अधिक. म्हणजे ढोबळ मानाने तीन पक्ष्यांमागे एक बार. ‘असेल कुणी एखाददुसरा’ या उत्तराला आता कुणी धजला नसता.

मला या दुसऱ्या आकड्याचं फार कौतुक वाटतं. मेलेला पक्षी हा पुरावा म्हणून कच्चा असतो. तो दरीत पडतो, शिकारी त्याला पिशवीत घालून नेतो, सापडला तरी कुणी मारला ते सिद्ध होत नाही. पण बंदुकीचा आवाज लपवता येत नाही. तो डोंगरभर ऐकू येतो, त्याची वेळ लिहिता येते, दिशा लिहिता येते. एक तारीख, एक वेळ, एक दरी, इतके बार. इतिहासाच्या भाषेत सांगायचं तर ही समकालीन नोंद झाली, नंतर आठवून लिहिलेली बखर नव्हे.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. मी जानेवारीत पाणपक्ष्यांच्या गणनेला भिगवणला अनेकदा गेलो आहे. आशिया खंडात ही गणना १९८७पासून चालते आणि तीही स्वयंसेवकांच्याच जिवावर. तिथे पक्षी निदान पाण्यावर बसलेले असतात. तरी दोन तासांनी बदकं आणि पाण्यावरच्या सावल्या एकमेकांत मिसळायला लागतात. मेसिनाला पक्षी बसत नाहीत. शेदोनशे मधुबाज एका उठत्या हवेत गोल फिरत असतात, वरचे खाली दिसतात, खालचे वर. त्यांना तेव्हा मोजायचंच नाही. वर पोचल्यावर ते एकेक करून रांगेने निसटतात आणि पुढे घसरत जातात, त्या वेळी मोजायचं. डोळा दुर्बिणीला आणि अंगठा आकडे मोजायच्या यंत्राच्या खटक्यावर. पुढच्या डोंगरावर दुसरी तुकडी असते. एकच थवा दोनदा धरला जाऊ नये म्हणून दोघांनी वेळ आणि संख्या पडताळून पाहायची. वारा कुठून, ढग किती, तासातासाला लिहायचं. पाच तास काहीच येत नाही, आणि मग माणूस पाणी प्यायला वळतो तेवढ्यात तीनशे पक्षी डोक्यावर असतात. दिवसअखेर मान मोडल्यासारखी दुखते. मधुबाजांखेरीज घारी, खरुची, करकोचे, भोवत्या असे कितीतरी पक्षी त्या यादीत असतात. यांतला फिकट भोवत्या आपल्या ओळखीचा आहे, नान्नजच्या माळरानावर तो हिवाळ्यात जमिनीलगत तरंगताना दिसतो. त्याच्याच जातीचे आफ्रिकेत हिवाळा काढणारे काही पक्षी वसंतात मेसिनावरून उत्तरेला जातात.

आन्ना आणि तिच्या सोबत्यांच्या हातात शिक्षा करायचा अधिकार नव्हता. ते मोजायचे आणि वनरक्षकांना, पोलिसांना कळवायचे. बार कुठे झाला ते नेमकं सांगितल्यावर यंत्रणेला न येण्याची सबब उरत नसे. हळूहळू गस्ती वाढल्या. आणि तशा धमक्याही वाढल्या. १९८६ साली तिची गाडी पेटवून देण्यात आली. टपालाने मेलेला पक्षी घरी आला, सोबत तुझ्या धाडसाची किंमत मोजावी लागेल अशा अर्थाची चिठ्ठी. सिसिलीत अशा चिठ्ठीचा अर्थ लहान पोरालाही कळतो. ती वीस-एकवीस वर्षांची होती. पुढच्या वसंतात ती पुन्हा डोंगरावर होती, आणि एकटी नव्हती. इटलीच्या इतर भागांतून, जर्मनीतून, इतर देशांतून लोक स्वखर्चाने येऊ लागले. ते का आले असतील? त्यांच्या जंगलात उन्हाळ्यात दिसणारा पक्षी इथे मरत होता. समोरच्या कालाब्रियाच्या तीरावर ‘लिपू’ या इटलीच्या पक्षिरक्षण संघटनेचे कॅम्प चालत. इकडून निसटलेला थवा तिकडच्या चौक्यांसमोर जायचा, म्हणून दोन्ही तीरांवर माणसं हवीत.

शिकाऱ्यांना राक्षस ठरवून मोकळं होणं सोपं आहे. पण ते खरं नाही. दक्षिण इटली हा गरीब मुलूख. तिथली निम्मी गावं कामासाठी अमेरिकेला, नाहीतर उत्तरेकडच्या कारखान्यांत गेली. मागे राहिलेल्या पुरुषाजवळ मिरवायला फार काही नव्हतं. बापाने दिलेली बंदूक होती, वसंतातली ती सहल होती, आणि ‘शिंगं’ फुटतील ही भीती होती. त्यांच्या नजरेने पाहिलं तर शहरातली शिकलेली मुलगी आणि गोरे जर्मन पाहुणे येऊन त्यांना सांगत होते की तुमच्या आजोबांची रीत म्हणजे गुन्हा. राग येणारच. आपल्याकडे तरी काय होतं? सलीम अलींच्या पक्षिशास्त्राची सुरुवात छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून झाली, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. फरक असा की ती चिमणी कोणती हे विचारायला तो मुलगा मुंबईत नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दारात गेला आणि तिथे त्याला उत्तर देणारं कुणी भेटलं. रीत आहे म्हणून ती चालू द्यावी, असं मात्र माझं मत नाही. रीत गरिबांची असली तरी तिचा भार दुसऱ्यावर पडत होता.

पुढचे आकडे पाहिले की डोळे दिपतात. १९८४ला तीन हजार, आणि २०००च्या सुमारास एका वसंतात तीस हजारांच्या घरात. पण इथे इतिहासाच्या अध्यापकाने जरा हात आखडता घ्यायला हवा. मधुबाज सोळा वर्षांत दहापट झाले, असा याचा अर्थ नव्हे. मोजणारे वाढले, दिवस वाढले, जागा वाढल्या, नजर तयार झाली. वाऱ्याची दिशा बदलली तर एका वर्षी पक्षी डोंगराच्या पलीकडून जातात आणि आकडा घसरतो. पक्ष्यांचा रकाना असा फसवा आहे. बारांचा रकाना तितका फसवा नाही. मोजणारे कान वाढले तर ऐकू येणारे बारही वाढायला हवेत. इथे कान वाढत गेले आणि बार कमी होत गेले. अकराशेवरून ते उतरत गेले आणि मेसिनाच्या बाजूला तर काही हंगामांत बोटांवर मोजण्याइतके राहिले. काही घडलं, हे सिद्ध होतं ते इथे.

१९९८ साली आन्ना जोर्दानो यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला, ज्याला लोक पर्यावरणाचं नोबेल म्हणतात. याचा अर्थ शिकार संपली असा नाही. कालाब्रियाच्या बाजूला ती अधिक चिवट निघाली. इटलीच्या वनपोलिसांचं खास पथक दर वसंतात तिथे मोहीम काढू लागलं, तिचं नावच ‘ऑपरेशन अदोर्नो’. २०१७ साली ते वनपोलीस काराबिनिएरी या मोठ्या दलात विलीन झाले, तरी मोहीम चालू राहिली. बंदुका जप्त होतात, कधी छतात लपवलेले पेंढा भरलेले पक्षी सापडतात. डोंगरावरच्या सिमेंटच्या चौक्यांपैकी कित्येक आता ओस पडल्या आहेत.

याच रकान्यांची आठवण मला २०१२ साली झाली. त्या शरदात नागालँडमधल्या दोयांग जलाशयाकाठी, पांगती गावाच्या परिसरात, अमूर ससाणे मासेमारीच्या जाळ्यांत पकडून मारले जात होते. हा पक्षी सैबेरिया-चीनकडून निघून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जातो. पत्रकार बानो हारालू आणि त्यांच्या सोबत्यांनी, ज्यांत आपले शशांक दळवीही होते, तिथे जाऊन आधी मोजलं. शिकाऱ्यांचे गट किती, एका गटाच्या जाळ्यांत दिवसाला पक्षी किती. त्यातून दिवसाला बारा ते चौदा हजार हा अंदाज निघाला आणि देशभर खळबळ उडाली. पुढच्याच वर्षी, २०१३ला, गावकऱ्यांनी आणि चर्चने मिळून ही शिकार थांबवली. त्या वर्षी ज्या तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारी यंत्रं बसवली, त्यांतल्या एकाचं नाव ‘पांगती’ ठेवलं. मेसिनाला जे व्हायला पंधरा वर्षं लागली, ते इथे एका वर्षात झालं. गाव एकत्र बसून निर्णय घेऊ शकत होतं, हे त्याचं कारण असावं. मेसिनाच्या शिकाऱ्यांचं असं एक गाव नव्हतं.

मेसिनाच्या वह्या मात्र अजून बंद झालेल्या नाहीत, आणि आता त्यांच्यासमोर बंदुकीहून वेगळी गोष्ट उभी आहे. या सामुद्रधुनीवर पूल बांधायची चर्चा इटलीत कित्येक दशकं चालली आहे. ऑगस्ट २०२५मध्ये सरकारने त्याच्या आराखड्याला मंजुरी दिली: मधला गाळा ३,३०० मीटरचा, म्हणजे जगातला सर्वांत लांब झुलता पूल, आणि त्याला पेलणारे दोन मनोरे प्रत्येकी जवळजवळ चारशे मीटर उंच. ऑक्टोबर २०२५मध्ये तिथल्या लेखापरीक्षण न्यायालयाने ही मंजुरी नोंदवून घ्यायला नकार दिला आणि प्रकरण पुन्हा लोंबकळलं. मनोरे उभे राहायचे ती जागा नेमकी पक्ष्यांच्या वाटेवर आहे, ही पक्षिरक्षण संघटनांची हरकत जुनी आहे. पूल हवा म्हणणारे विचारतात, असे किती पक्षी जातात तिथून? आन्ना जोर्दानो आणि त्यांचे सोबती वह्या काढून दाखवतात, १९८४च्या वसंतापासूनच्या.